उजव्या हाताची नखं

सोमवारी प्रार्थनेनंतर आमच्या शाळेत मुलांची नखं तपासली जात. हे काम ड्रिलच्या सरांचं. मुलं दोन्ही हात पुढे करून रांगेत उभी राहत आणि सर रांगेवरून चालत जात. सरांचा डावा हात मोकळा, उजवा पाठीमागे. कुणाची नखं वाढलेली दिसली की डाव्या हातानं त्याच्या मनगटावर टिचकी मारून म्हणत, "उद्या काढून ये. न्हाई तर मी काढीन, अन् मला नीट काढता येत न्हाईत."

उजवा हात पाठीमागे का, हे मुलांनाही ठाऊक होतं. त्या हाताची नखं शाळेतल्या कुठल्याही पोरापेक्षा लांब होती. करंगळी सोडून सगळ्या बोटांची. डाव्या हाताची मात्र मुळापर्यंत कापलेली.

मी त्या शाळेत गणित शिकवत असे. गाव राजेश्वर, बिदरकडचं. त्या वर्षांत गावात अजून टीव्ही आलेला नव्हता. मला सवय आहे की मी स्वतः पाहिलेलं आणि लोकांकडून ऐकलेलं वेगवेगळं ठेवतो, आणि ज्याचा ताळा जुळत नाही ते खरं धरत नाही. या माणसाबद्दल लिहायला बसलो तेव्हा वाटलं, ही सवय उपयोगी पडेल. पडली नाही. पाहिलेलंच जास्त आहे, आणि ताळा त्याचाच जुळत नाही.

नखांबद्दल गावात तर्क पुष्कळ होते. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे करणी करतो. खरं कारण गिटार. ते सैन्याच्या बँडमध्ये काही वर्षं होते. कवायत तिथंच शिकले, आणि गिटारही तिथल्याच एका सोबत्याकडून. गावात लोक तिला बेंजो म्हणत, म्हातारी माणसं सतार म्हणत. सरांनी कुणाचीच चूक कधी दुरुस्त केली नाही. पुष्कळ गिटारींना पोलादी तारा असतात, हिच्या वरच्या तीन तारा नायलॉनच्या होत्या. नायलॉनला नख लागलं की आवाज उघडतो, नुसत्या बोटानं वाजवली तर दबून राहतो, असं ते सांगत. तार तुटली की तळ्यावरच्या कोळ्यांकडून गळाचा नायलॉन दोरा आणून लावत. नखं काडेपेटीच्या गुलावर घासत आणि एरंडेल लावत. स्टाफरूममध्ये मी वह्या तपासत असलो की शेजारी तो खरखर आवाज चालू असे.

वरणात हात घातला की नख मऊ पडतं, म्हणून ते चमच्यानं जेवत. चमचा घरी विसरला तर डाव्या हातानं. लग्नाच्या पंगतीत डाव्या हातानं जेवणारा मास्तर मी तोपर्यंत पाहिला नव्हता. त्यातही पंगत कुठली, तर शेवटची. आम्हा शिक्षकांना यजमान मानानं पहिल्या पंगतीला बसवत. हे म्हणत, "तुम्ही बसा, मला भूक न्हाई." आणि मग सगळं उरकल्यावर बँडवाल्यांच्या ओळीत जाऊन बसत. वरातीत वाजवलेलं असो वा नसो.

मी एकदा विचारलं, "तिथं का बसता?"

"तिथं गप्पा चांगल्या असतात."

हे उत्तर मला पुरलं नाही.

गिटार घेऊन हा माणूस जात नव्हता अशी जागा नव्हती. लिंगायतांच्या घरी वचनं, म्हणजे त्यांची कन्नड पदं, गायला बसले की तिथं हे. दर्ग्याच्या उरसात कव्वालीला हे. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत गाण्यांच्या ट्रॉलीवर हे. नाताळात बिदरला चर्चमध्ये, आणि लग्नसराईत हुमनाबादच्या एका ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी. जिथं जातील तिथली भाषा बोलत, आणि ती त्यांना घरच्यासारखी येई. वचनाच्या बैठकीत कन्नड, दर्ग्यात दखनी, आमच्याशी मराठी. औरादकडचे लोक आले तर चार वाक्यं तेलुगूतही.

मला संगीत कळत नाही. पण लक्ष देऊन पाहिलं तर हाताची जागा बदलते, एवढं कळलं. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. वचनाला त्यांचा हात घोडीपासून दूर, भोकाच्याही पुढे असे, आणि अंगठा एकाच जाड तारेवर तंबोरीसारखा फिरत राही. कव्वालीला हात घोडीला चिकटलेला, आणि मधेमधे लाकडावर थाप. जयंतीच्या गाण्याला नखांची पाठ सगळ्या तारांवरून खालीवर. चर्चच्या गाण्याला चारी बोटं एकदम, चिमटीत फूल धरल्यासारखी. मी गाणी ओळखायचो ती कानानं नाही, हाताची जागा बघून.

तरी मुख्य प्रश्न सुटेना. हा माणूस मूळचा कुठला? गाव ठाणाकुशनूर, हे सांगत. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळायचं नाही. आमच्या भागात असं विचारणं वाईट समजतात आणि न विचारता कुणी राहतही नाही. त्या साली नव्या अभ्यासक्रमात संच आले होते. एकात एक अडकलेली वर्तुळं काढून मी मुलांना शिकवायचो की जो घटक सगळ्या वर्तुळांत आहे तो मधल्या जागेत लिहा. घरी कागदावर मी सरांसाठी अशी वर्तुळं काढून पाहिली. वचन, कव्वाली, जयंती, चर्च. मधल्या जागेत एकच माणूस येत होता आणि त्या जागेला नाव नव्हतं.

बायको म्हणाली, "काय काढायलाव?"

"काही नाही. संच."

"त्यांनाच कामून इचारत न्हाई?"

विचारलं होतं. सर म्हणाले होते, "ताल कुठला पायजे ते सांगा. बाकीचं राहू द्या."

ताल हा शब्द आला म्हणून एक प्रसंग सांगतो. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी त्यांनी एका वर्षी मुलांना नवीन चाल शिकवली. नेहमीची डावा-उजवा नाही, सात मात्रांची. शाळेच्या पायरीवर बसून ते गिटार वाजवत आणि मुलं चालत. पहिल्या आवर्तनात जोर डाव्या पायावर आला. सात विषम आहे, त्यामुळे दुसऱ्या आवर्तनात तोच जोर उजव्यावर आला. निम्म्या मुलांना वाटलं आपण चुकलो, त्यांनी पाय बदलला. उरलेल्यांनी बदलला नाही. तिसऱ्या आवर्तनापर्यंत रांग एकमेकांत शिरली.

आमचे हेडमास्तर कन्नड बोलणारे, मराठी जपून वापरणारे. ते ऑफिसातून बाहेर आले. "सर, ही मुलं लंगडतात का?"

"न्हाई सर. बरोबर चालायल्यात. डाव्या पायाला दर खेपी काम कामून द्यायचं? आता दोन्ही पायांना वाटून मिळालं."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणिताचा माणूस म्हणून सांगून टाकलं की हिशेबानं ते बरोबर आहे. झेंड्याला मात्र मुलं नेहमीच्याच चालीनं चालली.

आणखी एक गोष्ट मला सुरुवातीला समजत नव्हती. ते भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहत, पण गिटार घरी ठेवत नसत. ती मैनूभाईंच्या दुकानात असे. मैनूभाईंचं लाऊडस्पीकरचं दुकान, सरांच्या घरासमोर गल्लीच्या पलीकडे. सर घरी जाताना गिटार तिथं टांगून जात आणि सकाळी घेऊन निघत. रियाजही दुकानाच्या फळीवर बसूनच.

"अप्पांचा शब्द हाय," ते म्हणाले. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. "घरात वाद्य आणायचं न्हाई."

"पण अप्पा ठाणाकुशनूरला. हे घर तुमचं."

"मी राहतो ते अप्पांचंच घर."

अप्पांनी मनाई का केली, हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच कळलं की मुलगा सैन्यातून गिटार घेऊन परत आला त्या दिवशी म्हाताऱ्यानं दार अडवलं होतं, आणि मग मुलानं ती एका ओळखीच्या घरी ठेवून आत पाऊल टाकलं होतं. अप्पांनी त्यांना वाजवताना एकदाही ऐकलेलं नव्हतं.

मैनूभाई मोठा हौशी माणूस. गिटारीचा आवाज मिरवणुकीत पोचत नाही याचं दुःख सरांपेक्षा त्यांना जास्त. एकदा हैदराबादहून ते एक चुंबक घेऊन आले. ऑर्केस्ट्रातल्या विजेच्या गिटारीत तारांखाली बसवतात तसलं. "मास्टर, ये लगाए तो तुम इधर छेड्या तो बसवकल्याणमे सुनते लोगां." उरसाच्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोर गर्दी जमवून त्यांनी ते बसवलं, वायर जोडली, कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे केलं. सरांनी जाड तार छेडली, कर्णा घुमला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वरच्या तीन तारांवर गाणं सुरू केलं आणि कर्णा गप्प. जाड तारांवर धातूचं वेष्टण असतं, तेवढंच चुंबकाला धरलं असावं, तेही अर्धंमुर्धं. नायलॉनची त्याला ओळखच नव्हती. गाणं निघालं ते नुसत्या खर्जाचं. मैनूभाईंनी फ्यूज बघितला, बॅटरी बघितली, शेवटी कर्ण्याच्या तोंडात डोकं घालून बघितलं.

"करंट गेलाय का?" कुणीतरी विचारलं.

"करंट है रे. तार हिंदू है के मुसलमान, येच समजता नै इसकू," मैनूभाई म्हणाले, आणि गर्दी हसली. सरही हसले. मला वाटतं त्यांना ते चुंबक नकोच होतं. त्यांनी उजव्या हाताची नखं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "हीच बरी."

आता मुद्द्याची गोष्ट. सरांना गुलबर्ग्याला रेडिओवर वाजवायचं होतं. त्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते. तिचा अर्ज द्यायला ते स्वतः जाऊन आले, आणि आल्यावर मला तिथलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिथल्या माणसानं विचारलं, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवता ना? त्या काळी रेडिओवर तीच ऐकू यायची, लोखंडी कांडी तारेवरून सरकवत वाजवायची. हे म्हणाले, न्हाई, उराशी धरून. मग तुमचं पाश्चात्य. न्हाई, वचन वाजवतो. मग सुगम. कव्वाली पण वाजवतो. मग नक्की काय वाजवता?

"काय सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"म्हनलं, तुम्ही सांगाल ते."

तरी बोलावणं आलं. सरांना मी एवढं खूष कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, एवढं काय रेडिओचं? त्यावर त्यांनी पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. ठाणाकुशनूरच्या हॉटेलात रेडिओ होता आणि अप्पा रोज संध्याकाळी तिथं बाकावर बसत.

"दारातनं न्हाई जाता येत मला, हे वाद्य घेऊन. रेडिओतनं जाईन. एकदा ऐकू द्या त्यांना, कुणाचं हाय ते न कळता. आवडलं तर आवडलं."

"पण रेडिओवर आधी वाजवणाऱ्याचं नाव सांगतात."

त्यांनी काडेपेटीच्या गुलावर नख दोनदा घासलं. "हॉटेलवाल्याला सांगून ठेवतो. नाव येतंय तवर आवाज बारीक कर म्हणून."

परीक्षेला अवकाश होता. नखं तोपर्यंत जपायची, एवढाच त्यांचा उद्योग. खडूसुद्धा डाव्या हातानं धरायला लागले. आणि मध्येच गावाकडून निरोप आला की अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. सर मिळेल त्या बसनं निघाले. गिटार मैनूभाईंकडे राहिली.

ते दहा-बारा दिवसांनी परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मुलं रांगेत उभी राहिली, सर रांगेवरून चालू लागले, आणि दोन्ही हात पुढे होते. उजव्या हाताची नखं मुळापर्यंत काढलेली होती.

मुलांनी ते पाहिलं, शिक्षकांनी पाहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी बसस्टँडवर पोचली की ड्रिल सरांचे वडील गेले. आमच्याकडे दहाव्याला नखं काढतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. शंका आली ती केसांवरून. स्टाफरूममध्ये हिंदीचे सर म्हणाले, "नखं काढलीत म्हणजे दहावा झाला."

"केस हाईत की पण," दुसरे म्हणाले.

"मग दहावा न्हाई झाला."

"कुणाकुणात केस ठेवतात."

"कुणात?"

"असंल कुणात तरी. आता कळंलच."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांच्या मनातलं होतं, माझ्याही. इतक्या वर्षांत जे कळलं नाही ते मरणानं तरी कळेल, असं आम्हाला वाटत होतं. केस न काढता नखं काढणारं वर्तुळ मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

शाळा सुटल्यावर हेडमास्तर, हिंदीचे सर आणि मी सांत्वनाला गेलो. अशा घरी येतो म्हणायचं नसतं, जातो म्हणायचं नसतं आणि चहा घ्यायचा नसतो. आम्ही जाऊन चटईवर बसलो आणि खाली मान घातली. सरांनी आमच्याकडे पाहिलं, मग स्टोव्ह पेटवायला घेतला.

"चहा नको," हिंदीचे सर म्हणाले.

"कामून? दूध चांगलं हाय."

"नको. आज नको."

सर स्टोव्हची पिन हातात घेऊन उभे राहिले. हेडमास्तरांनी घसा साफ केला. "सर, फार वाईट झालं. आमच्या सर्वांच्या मनात दुःख आहे."

"काय झालं?" सरांनी घाबरून विचारलं. "कुणाचं काय झालं?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. बोलणं माझ्यावर आलं. "तुमचे अप्पा..." मी म्हणालो.

"अप्पांचं काय?"

आतल्या खोलीतून जड जिभेनं कुणीतरी हाक मारली, "कोन आलंय रं?"

"शाळेतली सर मंडळी हाईत, अप्पा," सर आत बघून म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "भाऊ म्हनला, आमच्यानं होत न्हाई. मग मीच घेऊन आलो त्यांना."

आम्ही माना वर केल्या. मग हेडमास्तर म्हणाले, "चहा घेऊ."

चहा घेऊन ते दोघे गेले. मी मागे राहिलो. जे विचारायला नको ते विचारल्याशिवाय मला राहवेना. "मग नखं का काढली? रेडिओची परीक्षा तोंडावर आलीय."

त्यांनी स्वतःची बोटं अशी पाहिली की जणू मी सांगेपर्यंत त्यांच्या ते लक्षात नव्हतं.

"अप्पांची कूस बदलाय लागती, थोड्या थोड्या येळानं. एक बाजू गेलीय त्यांची. कातडं कागदागत झालंय. पयल्या दिवशी मी त्यांना वळवलं, अन् सांजच्याला बघतो तर पाठीवर रेघा उठलेल्या. माझ्या नखांच्या. ते काय बोलले न्हाईत. मी तिथंच ब्लेड घेतलं."

"डाव्या हातानं वळवायचं होतं."

"एका हातानं माणूस वळतंय का, सर?"

परीक्षेच्या दिवशी ते पहाटेच्या बसनं गुलबर्ग्याला गेले. मी रजा काढली आणि मी व माझी बायको त्यांच्या घरी अप्पांपाशी बसलो. मुलगा शाळेच्या कामाला गेलाय, एवढंच अप्पांना सांगायचं ठरलं होतं. म्हातारा अंगानं लहानसा, डोळे तेज. बायकोनं भात कालवून भरवला. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी जेवलाव का?"

"तुमचं झालं की जेवू," बायको म्हणाली.

"न्हाई, आधी जेवा. मागनं जेवलं की भात गार मिळतो."

आणि मग ते अडखळत, थांबत बोलू लागले. तरुणपणी ते लग्नांत वाजवायचे. दिवसभर वाजवायचं, आणि सगळ्या गावाचं जेवण उरकल्यावर मांडवाबाहेर वाजवणाऱ्यांची पंगत. भात गार, कालवणातलं पाणी तेवढं उरलेलं. "ह्याला शिकिवला. पलटणीत गेला, मास्तर झाला. म्हनलं, सुटला. अन् ह्यो पलटणीतनं काय घेऊन आला, तर वाद्य. म्हनलं, घरात घेनार न्हाई. वाद्याच्या मागं ती पंगत येती."

मी एकदम ताठ बसलो. आता एकच प्रश्न विचारला की सगळी वर्तुळं जागेवर बसणार होती. वाद्यावरून घराणं कळतं आमच्याकडे.

"अप्पा, तुम्ही काय वाजवायचा?"

"हातात देतील ते," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यांचा मुलगा आजही बोलावल्याशिवाय त्याच पंगतीत जाऊन बसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. का बसतो ते मला तेव्हा कळल्यासारखं वाटलं. बापाबरोबर जेवायला बसत असावा. पण हा माझा तर्क आहे, त्याला पुरावा नाही.

सर संध्याकाळी परत आले आणि मैनूभाईंच्या फळीवर बसले. मी रस्ता ओलांडून गेलो.

"ऐकूच गेलं न्हाई रेडिओवाल्यांना," ते म्हणाले. "काचेमागचा माणूस सारखा हात वर करायलता. वाढवा, वाढवा. माझ्यापाशी वाढवायला काय ऱ्हायलंय? मग त्यो बाहेर आला. चांगला माणूस होता. म्हनला, वाजवता बरं, पण असं वाजवता की शेजारी कुणी झोपलंय."

मैनूभाईंनी हे ऐकलं. "नखां बढाओ फिर. चार-छे महिने."

"अप्पा असेपर्यंत न्हाई."

अप्पा असेपर्यंत नखं नाहीत, आणि नखं असल्याशिवाय रेडिओ नाही. म्हणजे अप्पांना ऐकवायचं ते अप्पांमुळेच राहणार. मला यातून वाट दिसत नव्हती. सरांनाही दिसत नसावी, ते गिटार टांगून घरी गेले.

वाट मैनूभाईंना दिसली, तीही चुकून. दुकानात एक मोडका ग्रामोफोन दुरुस्तीला आला होता. त्याच्या सुईमागे एक लहानसा स्फटिकाचा तुकडा असतो. सुई थरथरली की तो थरथर पकडतो आणि पुढे आवाज होतो. मैनूभाईंनी तो काढून गिटारीच्या पोटावर ठेवला होता, नुसता हरवू नये म्हणून. वायर जोडलेलीच होती. सरांनी सहज तार छेडली आणि कर्णा बोलला. खर्ज नाही, नायलॉनची तार. मैनूभाई म्हणाले की त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी तो तुकडा घोडीखाली मेणानं चिकटवला.

पुढची कल्पना सरांची. आमच्या घरी सासऱ्यांनी लग्नात दिलेला मोठा रेडिओ होता, आत काचेचे दिवे असलेला. तसल्या रेडिओला मागच्या बाजूला ग्रामोफोन जोडायची दोन भोकं असत. सर म्हणाले, "तुमचा रेडिओ अप्पांपाशी ठेवू. वायर खिडकीतनं बाहेर. मी गल्लीच्या पलीकडं. वाद्य घरात न्हाई, आवाज रेडिओतनं."

बायको म्हणाली, "माझ्या वडलांचा रेडिओ हाय. जळला तर?"

"जळंल असं वाटत न्हाई, अक्का."

"वाटत न्हाई म्हणजे काय?" असं म्हणून तिनंच तो पुसून दिला.

रविवारी सकाळी रेडिओ अप्पांच्या उशाशी ठेवला. वायर खिडकीतून निघून गल्ली ओलांडून मैनूभाईंच्या फळीपर्यंत गेली. फळीवर सर. मला बटण फिरवण्याचं काम दिलेलं. खिडकी मी लोटून घेतली. अप्पांनी वायरीकडे पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. मी रेडिओचे दिवे पेटायची वाट पाहत होतो.

आधी गुणगुण आली. मग जाड तारेवर अंगठा, तंबोरीसारखा. हे वचन, असं मी म्हणेपर्यंत त्यातून दुसरंच काही निघालं. थाप आली, पण चाल पहिलीच होती. मग सगळ्या तारा एकदम, हळू. मी आजवर हात बघून ओळखत आलो होतो आणि आता हात दिसत नव्हता. कुठलं कुठं संपतं आणि कुठलं कुठं सुरू होतं ते मला समजेना. नखं नसल्यानं आवाज मऊ होता, पण रेडिओतून तो खोलीभर पुरत होता. शेजारी कुणी झोपलंय असंच वाजवत होते. अंथरुणात पडलेलं होतंच.

अप्पांचे डोळे उघडे होते. चांगल्या हाताची बोटं गोधडीवर हलत होती. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "कुठलं ठेसन म्हनायचं हे?"

मला खोटं बोलता येत नाही. "जवळचंच आहे," मी म्हणालो.

ते पुन्हा ऐकू लागले. बाहेर ऊन चढलं होतं. मैनूभाईंच्या फळीवर सावली नसते, हे खिडकी लोटलेल्या खोलीत पडलेल्या माणसाला कसं ठाऊक असणार?

"मास्तर," अप्पा म्हणाले, "त्याला म्हनावं उनात बसू नको. इकडं ये."

"आत बोलावू?"

"आत न्हाई." ते थांबले. "उंबऱ्यात."

मी दार उघडून हाक मारली. सर गिटार घेऊन, वायर गुंडाळत गल्ली ओलांडून आले. काय झालं ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, उंबऱ्यात म्हणाले का? मी म्हणालो, उंबऱ्यातच म्हणाले. ते उंबऱ्यावर आडवे बसले, एक पाय पायरीवर, एक आत. जागा अरुंद होती. गिटारीचं पोट बाहेर राहिलं आणि दांडी आत आली. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

वाद्य त्या दिवशी घरात आलं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.